इलेक्ट्रिक मोटारीचा ब्रेक मधूनच सैल का पडतो? कारण कसे ओळखावे आणि काय करावे

इलेक्ट्रिक मोटार वापरणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते, आणि ती बहुतेक जण एकाच शब्दांत सांगतात: ब्रेक रोज सारखा लागत नाही. सकाळी घरून निघताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. खड्ड्यावरून जाताना ब्रेक दाबलेला असूनही ती क्षणभर पुढे सुटल्यासारखी वाटते. पावसाळ्यात चार दिवस उभी राहिलेली गाडी पहिल्याच वळणावर खरखरते. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर मात्र यांपैकी काहीच घडत नाही. पॅड पाहावेत तर जाड असतात, स्कॅनरवर एरर कोड सापडत नाही, आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन मालक परत येतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच अनुभव.

अशा वेळी पॅड बदलून घेणे, ब्रेक ऑइल बदलणे, डिस्क घासून घेणे असे खर्च केले जातात आणि तक्रार तशीच राहते, कारण यातील बऱ्याच घटनांमध्ये कोणताही भाग खराब झालेला नसतो. इलेक्ट्रिक मोटारीत दोन वेगवेगळे ब्रेक असतात आणि कोणत्या क्षणी कोणता किती लावायचा हे गाडीतील नियंत्रक ठरवतो. त्याचा निर्णय बदलला की पायाला फरक जाणवतो. म्हणून निदान करताना ब्रेक कसा लागला याच्या आधी तो केव्हा तसा लागला, हे विचारावे: बॅटरी किती भरलेली होती, रस्ता कसा होता, वेग किती होता, गाडी किती दिवस उभी होती आणि पाय नेमका कोणत्या पेडलवर होता.

दोन ब्रेक आणि त्यांच्या मर्यादा

पहिला ब्रेक म्हणजे स्वतः मोटर. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला की चाके मोटरला फिरवू लागतात, मोटर जनित्राचे काम करते आणि इन्व्हर्टर तिच्यातून निघणारी वीज बॅटरीकडे पाठवतो. ही वीज निर्माण करायला लागणारी ताकद चाकांकडूनच घेतली जात असल्यामुळे गाडी मंदावते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा रोजच्या बोलण्यात रिजन म्हणतात. दुसरा ब्रेक नेहमीचाच आहे: ब्रेक ऑइलचा दाब, पॅड डिस्कवर आवळणारा कॅलिपर, पॅड आणि डिस्क किंवा ड्रम. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १६०० किलो वजनाच्या मोटारीत सुमारे ३२० किलोज्यूल, म्हणजे ०.०९ युनिट ऊर्जा असते. पहिला ब्रेक यातील मोठा भाग बॅटरीत परत घालतो, तर दुसरा तिची निव्वळ उष्णता करतो.

मोटरच्या ब्रेकला काही मर्यादा आहेत आणि जवळजवळ सगळ्या तक्रारी त्या मर्यादांपाशी सुरू होतात. त्याचा जोर फक्त मोटरने चालणाऱ्या चाकांवर लागतो. निर्माण झालेली वीज घ्यायला बॅटरी तयार असावी लागते. आणि वेग अगदी कमी झाला, साधारण ताशी १० किलोमीटरच्या खाली आला, की त्याचा जोर ओसरत जातो. तिथून पूर्ण थांबेपर्यंतचे काम बहुतेक गाड्यांत पॅडना करावे लागते.

आता गाड्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहेत. साध्या रचनेत रिजन केवळ ॲक्सिलरेटर सोडल्यावर लागते आणि ब्रेकचे पेडल थेट ऑइलच्या ब्रेकला जोडलेले असते. मिश्र रचनेत ब्रेकचे पेडल ही एक प्रकारची मागणी असते: चालकाला किती मंदावायचे आहे ते सेन्सर मोजतो, नियंत्रक आधी मोटरकडून होईल तेवढे काम घेतो आणि उरलेला भाग पॅडवर टाकतो. टोयोटाने १९९७ मध्ये बाजारात आणलेल्या प्रियस या हायब्रिड मोटारीत अशी वाटणी होती. पेट्रोल गाडीत पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या पोकळीवर) चालतो; इलेक्ट्रिक मोटारींना ती मिळत नसल्यामुळे पुढे विजेवर चालणारे बूस्टर आले. बॉशचा आयबूस्टर २०१३ पासून उत्पादनात आहे. सर्वांत नव्या, एकाच एककात बूस्टर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सामावणाऱ्या प्रणालींत तर पायाला जाणवणारा दाबही ऑइलचा नसून पेडलखाली बसवलेल्या स्प्रिंग-रबराच्या सिम्युलेटरचा असतो.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे घरच्या घरी तपासता येते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना रिजनची पातळी शून्यावर किंवा सर्वांत खाली ठेवावी, ॲक्सिलरेटर सोडावा आणि डॅशबोर्डवरील पॉवर मीटर कुठे स्थिरावतो ते सोबत बसलेल्या माणसाला पाहायला सांगावे. मग ब्रेकवर हलका पाय ठेवावा. मीटरचा काटा चार्जिंगच्या बाजूला आणखी सरकला तर गाडी मिश्र रचनेची आहे. होता तिथेच राहिला तर साधी. ही चाचणी बॅटरी ५० ते ७० टक्के असताना करावी, म्हणजे बॅटरी भरल्याचा गोंधळ होणार नाही.

सकाळी रिजन लागत नाही: भरलेली बॅटरी आणि घाट

रात्रभर चार्जरला लावलेली गाडी सकाळी १०० टक्के भरलेली असते. लिथियम-आयन सेलला व्होल्टेजची वरची मर्यादा असते; निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलला सुमारे ४.२ व्होल्ट आणि आपल्याकडील अनेक मोटारींत असणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलला सुमारे ३.६५ व्होल्ट. त्या मर्यादेजवळ असलेल्या सेलमध्ये रिजनचा जोरदार प्रवाह ढकलला तर मर्यादा ओलांडली जाईल आणि सेलला इजा होईल. म्हणून बॅटरीची व्यवस्थापन प्रणाली रिजन कमी करते किंवा पूर्ण बंद ठेवते. पाचसात टक्के बॅटरी खर्च झाली की रिजन हळूहळू परत येते. अनेक गाड्या अशा वेळी डॅशबोर्डवर तशी सूचना दाखवतात, पण ती लहान असते आणि निघण्याच्या घाईत नजरेतून सुटते.

शहरात याने फारसे बिघडत नाही. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की गाडी थांबते. घाटात मात्र हा विषय गंभीर होतो आणि मी तो मुद्दाम विस्ताराने मांडतो आहे, कारण थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी घाट उतरणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरण्याचे उदाहरण घेऊ. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली, म्हणजे साधारण ४० किलोमीटरच्या रस्त्यात साडेबाराशे मीटर उतार. माणसे आणि सामान धरून १८०० किलो वजन असलेल्या मोटारीची उंचीमुळे साठलेली ऊर्जा या उतारावर सुमारे ६ युनिट भरते. टायरांचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून त्यातली दोन-अडीच युनिट खातात. उरलेली साडेतीन-पावणेचार युनिट कोणत्या तरी ब्रेकने काढून घ्यावीच लागतात. बॅटरीत जागा असेल तर त्यातील बरीचशी परत मिळतात आणि पोलादपूरला पोहोचल्यावर टक्के वाढलेले दिसतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती सगळी उष्णता पॅड आणि डिस्कमध्ये जाते. सव्वा तासाच्या उतारावर सरासरी काढली तर चाकांमध्ये सतत तीन इस्त्र्या चालू ठेवल्याइतकी. शिवाय ती सरासरी आहे. प्रतापगडाच्या बाजूच्या तीव्र वळणांवर काही मिनिटे ती कितीतरी जास्त असते.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी आपल्याकडे एक जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाचा रोध ब्रेकला मदत करत असे. इलेक्ट्रिक मोटारीत बहुतेक वेळा एकच गिअर असतो, खाली आणायला दुसरा नसतो, आणि इंजिनाच्या रोधाची जागा रिजननेच घेतलेली असते. रिजन बंद म्हणजे घाटातला तो जुना आधारही बंद. त्यातच त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा ही गाडी जड असते. सतत हलका ब्रेक दाबून उतरत राहिल्यास पॅड तापून त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खोल जाते आणि ब्रेक लागत नाही. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतील ओलावा शोषत असल्यामुळे ओलावलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंश इतकीच आहे. डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत.

उपाय सोपा आहे. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ॲपमधून किंवा गाडीच्या पडद्यावरून ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवावी. वरच्या हिशेबातील उतारावर बॅटरीत अडीच-तीन युनिट परत येतील. ४० युनिटच्या बॅटरीत ते सातएक टक्के होतात, त्यामुळे तळाला पोहोचेपर्यंत रिजनला जागा उरते. बॅटरी आधीच भरली असेल तर घाट सुरू होण्यापूर्वी वरच्या सपाट भागात थोडे फिरून, एसी चालवून ती काही टक्के खाली आणावी. तेही शक्य नसेल तर वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा, ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबून वेग उतरवावा आणि पुन्हा सोडावा, म्हणजे डिस्कना थंड व्हायला अवकाश मिळतो. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी उभी ठेवावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार कधीही उतरू नये, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी रिकामी असली तरी रिजन लागत नाही. काही नव्या गाड्यांत रिजन अपुरे पडले की ॲक्सिलरेटर सोडल्यावर नियंत्रक आपण होऊन पॅडचा ब्रेक लावतो. पायाला फरक जाणवू नये म्हणून केलेली ही सोय चांगली आहे, पण पॅड तापण्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

थंडीतही हेच घडते, कारण थंड सेलमध्ये जोराने चार्जिंग केल्यास लिथियम धातूरूपात साचण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात ते क्वचितच जाणवेल, पण हिवाळ्यात हिमाचल-लडाखला गाडी नेणाऱ्यांनी आणि कॅनडा किंवा उत्तर युरोपात राहणाऱ्यांनी बॅटरी ६० टक्के असतानाही पहिले काही किलोमीटर रिजन कमी मिळेल हे धरून चालावे.

खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते

ही तक्रार सर्वांत जास्त घाबरवणारी आहे. तिचा घटनाक्रम जवळून पाहू. सिग्नलसमोर ताशी ४० वेगाने येत असताना चालकाने ब्रेकवर बेताचा पाय ठेवला आहे, गाडी छान मंदावते आहे आणि हे सगळे काम मोटर करते आहे. तेवढ्यात रस्त्यावरचे रंबलर पट्टे किंवा उखडलेला पेव्हर ब्लॉक येतो. मोटरने रोखलेले चाक उसळून हलके होते, जमिनीवरची पकड सुटते आणि चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा एकदम खाली येतो. चाकाच्या सेन्सरकडून हे समजताच एबीएसचा नियंत्रक रिजन तत्काळ काढून घेतो, कारण चाक रोखलेलेच राहिले तर गाडी घसरेल आणि स्टिअरिंगला दाद देणार नाही. पायाचा दाब तोच असतो, पण मंदावणे नाहीसे होते. मिश्र रचनेत ऑइलचा दाब ती जागा भरून काढतो, परंतु त्याला क्षणाचा काही अंश लागतो. साध्या रचनेत आणि पाय केवळ ॲक्सिलरेटरवरून उचललेला असताना ती जागा भरणारे दुसरे काहीच नसते. ताशी ४० वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची पोकळीही पाच-साडेपाच मीटरची होते. समोर दुचाकी असेल तर हे अंतर कमी नाही, म्हणून चालकाला वाटणारी भीती अगदी योग्य आहे.

हा केवळ मनाचा खेळ नाही याचा मोठा पुरावा सार्वजनिक नोंदीत आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने नव्या पिढीच्या प्रियससह काही हायब्रिड मोटारी, जगभरात मिळून सुमारे ४ लाख ३७ हजार, परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, अशी ग्राहकांची तक्रार होती आणि त्यावरचा इलाज एबीएसचे सॉफ्टवेअर बदलणे हा होता. एकही पॅड किंवा पाइप बदलावा लागला नाही. ब्रेकच्या वागण्यात सॉफ्टवेअरचा वाटा किती मोठा असतो याचे दुसरे उदाहरण २०१८ मधील आहे: अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेच्या चाचणीत टेस्ला मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले, आणि कंपनीने दूरस्थ पद्धतीने सॉफ्टवेअर सुधारल्यावर तेच अंतर १३३ फुटांवर आले.

म्हणून या तक्रारीत पहिले पाऊल म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये ब्रेक नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासून घेणे. गाडीच्या पडद्यावर जे अपडेट येतात त्यांत ब्रेकचा नियंत्रक असतोच असे नाही, हे तिथे स्पष्ट विचारावे. दुसरे पाऊल टायरांचे. त्यांतील हवा कंपनीने सांगितल्याइतकीच आहे का, नक्षीची खोली कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलीमीटरपेक्षा पुरेशी जास्त आहे का, आणि पुढच्या किंवा मागच्या जोडीत दोन वेगळ्या मापांचे किंवा असमान झिजलेले टायर तर नाहीत ना, हे पाहावे. चारही चाकांचे वेग जुळले नाहीत तर नियंत्रकाला घसरण्याचा भास लवकर होतो. शॉक ॲब्झॉर्बर थकलेले असतील तर चाक खड्ड्यानंतर जास्त वेळ उसळत राहते आणि पोकळी लांबते. आपल्या रस्त्यांवर या कारणाकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही असे माझे मत आहे.

चालवताना करण्याची गोष्ट एकच आहे: ब्रेक सुटल्यासारखा वाटताच पाय न उचलता पेडल अधिक जोराने दाबावे. ऑइलचा ब्रेक तिथे हजर असतोच आणि वाढलेल्या मागणीला तो लगेच उत्तर देतो. गोंधळून पाय उचलून पुन्हा दाबणाऱ्यांचे अंतर वाढते. पावसात, रेतीवर किंवा फार खराब रस्त्यावर शिरण्यापूर्वी रिजनची पातळी कमी करून ठेवावी. मागच्या चाकांना मोटर असलेल्या गाड्यांत हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण ब्रेक लावताना वजन पुढे सरकते आणि मागची चाके आधीच हलकी झालेली असतात. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही रिजन मागच्या चाकावर असते, त्यामुळे ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर वळताना थ्रॉटल एकदम सोडू नये.

उभ्या गाडीचा खरखराट आणि न वापरलेले ब्रेक

डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि दमट हवेत तिच्यावर एका रात्रीत तांबूस थर येतो. पेट्रोल गाडीत पहिल्या चौकापर्यंत तो पुसून निघतो. इलेक्ट्रिक मोटारीत पॅडना कामच कमी असते. पोर्शेच्या सांगण्यानुसार टायकान या त्यांच्या मोटारीत रोजच्या वापरातील सुमारे ९० टक्के ब्रेकिंग पॅडना न लावता होते. त्यामुळे गंजाचा थर दिवसेंदिवस टिकतो, डिस्कवर खड्डे पडतात, कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकू लागतात आणि पॅड एका बाजूनेच टेकतात. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या मोटारींना मागे डिस्कऐवजी बंदिस्त ड्रम दिले, त्यामागे हेच कारण आहे. ड्रम पाहून गाडीत काटकसर केली असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी कोकणातला एक पावसाळा डोळ्यांसमोर आणावा.

तपासणी टॉर्चने करता येते. अलॉय चाकाच्या आऱ्यांमधून मागच्या डिस्कवर उजेड टाकावा. पॅड जिथे घासतो तो पट्टा पूर्ण रुंदीभर चकाकत असेल तर सर्व ठीक आहे. चकाकी मध्यभागी बोटभरच असेल आणि दोन्ही कडांना तपकिरी, खवलेदार कड दिसत असेल तर ब्रेक पुरेसा वापरला जात नाही. डिस्कच्या आतल्या बाजूलाही पाहावे, कारण गंज तिथे आधी वाढतो. वीसएक किलोमीटर चालवून आल्यावर चाकाला हात न लावता जवळ तळहात नेऊन चारही चाकांची ऊब ताडून पाहावी. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला कॅलिपर अडकला आहे आणि ते काम मेकॅनिककडेच न्यावे.

नुसता वरवरचा गंज असेल तर तो वापरानेच जातो. मागे वाहन नाही याची खात्री करून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत ठामपणे ब्रेक लावावा, थोडे अंतर जाऊ द्यावे आणि असे पाच-सहा वेळा करावे. साध्या रचनेच्या गाडीत त्याआधी रिजन शून्यावर आणावे म्हणजे सारे काम पॅड करतील. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या आवृत्तीपासून स्टिअरिंगमागच्या पॅडलने ही पातळी चालत्या गाडीतच बदलता येते. मिश्र रचनेत मात्र एक गफलत होते: तिथे पातळी शून्यावर आणली तरी ब्रेकच्या पेडलने लागणारे रिजन चालूच राहते आणि हलक्या ब्रेकने पॅड डिस्कला टेकतही नाहीत. अशा गाडीत मोटरच्या क्षमतेपलीकडे जाईल इतका जोराचा ब्रेक तरी लावावा लागतो, किंवा बॅटरी पूर्ण भरलेली असताना, सपाट रस्त्यावर, हा व्यायाम करावा. घाटात त्रास देणारी मर्यादा इथे उपयोगी पडते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि गाडी धुतल्यानंतर लगेच असे केले तर डिस्क टिकतात. खरखर तरीही राहिली किंवा पेडलला थरथर जाणवली तर डिस्क मोजून घ्याव्यात.

पॅड झिजत नाहीत म्हणून ब्रेकची सर्व्हिस पुढे ढकलणे ही चूक महाग पडते. ब्रेक ऑइल वापराने नव्हे, काळाने खराब होते. बहुतेक कंपन्यांच्या वेळापत्रकात ते दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते आणि धावलेले किलोमीटर कमी असले तरी ते पाळावे.

किरकोळ बाबी आणि इशारा दिवे

थांबताना अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये हलका धक्का बसणे, ही मोटरकडून पॅडकडे काम जाण्याची खूण आहे; ती अचानक वाढली तरच दाखवावी. पेडल दाबल्यावर बॉनेटखालून काही सेकंद घुर्र आवाज आला तर तो व्हॅक्यूम पंपाचा किंवा विजेच्या बूस्टरचा असतो. पाय न लावताही तो दर मिनिटाला येऊ लागला तर व्हॅक्यूमची गळती तपासावी.

एबीएसचा पिवळा दिवा लागला की बहुतेक गाड्या रिजनही बंद करतात, कारण चाकाचा वेग कळल्याशिवाय मोटरने ब्रेक लावणे सुरक्षित नसते. पावसाळ्यात याचे सामान्य कारण चाकाच्या सेन्सरवर बसलेला चिखल किंवा त्याची तुटलेली वायर असते. साधा ब्रेक चालू राहतो, तरी गाडी सावकाश नेऊन त्याच दिवशी दाखवावी. ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग आणि पार्किंग ब्रेक असे अनेक दिवे एकदम लागले आणि काही वेळाने विझले, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. मुख्य बॅटरी कितीही मोठी असली तरी नियंत्रक या छोट्या बॅटरीच्या जाळ्यावर चालतात आणि तिचे व्होल्टेज घसरले की एकेक नियंत्रक तक्रार करू लागतो. तीन-चार वर्षे जुन्या गाडीत ही स्वस्त तपासणी सोडून महागडा ब्रेक एकक बदलण्याची घाई करू नये.

लाल दिवा लागला आणि पेडल दगडासारखे कडक झाले, तर बूस्टरची मदत गेली आहे. पाय आणि चाक यांच्यामधला ऑइलचा मार्ग तेव्हाही शिल्लक ठेवलेला असतो; संयुक्त राष्ट्रांच्या मोटारींसाठीच्या १३-एच या ब्रेक नियमानुसार अशा बिघाडातही ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाइतक्या दाबाने, सेकंदाला २.४४ मीटर प्रति सेकंद इतके मंदावणे मिळायला हवे. त्याच नियमात धडधाकट ब्रेकसाठी हा आकडा ६.४३ आहे. गाडी थांबेल, पण अंतर दुपटीहून जास्त लागेल आणि पाय पूर्ण ताकदीने रोवावा लागेल. त्या अवस्थेत पुढचा प्रवास करू नये. गाडी ओढून नेताना मोटरने चालणारी चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत, कारण ती फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते. सपाट ट्रॉलीचीच टोइंग गाडी मागवावी.

सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना तक्रार लिहून न्यावी: तारीख आणि वेळ, बॅटरीचे टक्के, वेग, रिजनची पातळी, रस्ता ओला की कोरडा, खड्डा होता का आणि पाय कोणत्या पेडलवर होता. 'ब्रेक नीट लागत नाही' या वाक्यावर तंत्रज्ञ पॅडच पाहील; '९८ टक्के बॅटरी, ताशी ४५ वेग, ॲक्सिलरेटर सोडल्यावर रिजन शून्य' या वाक्यावर तो योग्य नोंद उघडेल. शक्य असेल तर त्याला सोबत बसवून, त्याच टक्क्यांवर, त्याच रस्त्याने फेरी मारावी.

पॅड किंवा ऑइल बदलण्याचे काम मात्र ओळखीच्या गॅरेजमध्ये घाईने उरकू नये. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असलेल्या गाडीत मागचे कॅलिपर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय पिस्टन मागे रेटला तर त्यातील यंत्रणा मोडते. विजेच्या बूस्टरच्या प्रणालींत हवा काढण्याची पद्धत कंपनीने ठरवून दिलेली असते आणि त्यासाठी पंप व झडपा स्कॅनरवरून चालवाव्या लागतात. नुसते पेडल पंप करून कॅलिपरवरचे हवा काढण्याचे निपल उघडले तर एककात हवा अडकून राहू शकते. गाडी ताब्यात घेताना चालू स्थितीत पेडल अर्धा मिनिट स्थिर दाबून धरावे. ते हळूहळू खाली सरकले तर गाडी तिथेच ठेवून काम पुन्हा करून घ्यावे.